डाव्या स्टेअरिंगची जीप

आमच्या जीपचं स्टेअरिंग डावीकडे होतं, आणि पुढे जे रामायण झालं ते त्या एका गोष्टीमुळे झालं. गाडी अमेरिकन सैन्यासाठी बनवलेली. तिकडे म्हणे सगळी वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगाने जातात. ज्यांनी ती बनवली त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल, की लढाई संपल्यावर हिला बदलापुरात राहून म्हशीचं दूध वाहायचं आहे.

मी अंबरनाथची. वडील कारखान्याच्या ऑफिसात. आम्ही स्टेशनच्या पश्चिमेला राहणारे, भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर जेवणारे लोक. मॅट्रिक झाले आणि मला बदलापूर गावात दिलं, भातशेतीच्या आणि म्हशींच्या घरात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात सासरे, त्यांना आम्ही बाबा म्हणायचो, आमचे हे, आणि यांची धाकटी बहीण, जिला सगळा गाव 'बाय' म्हणून हाक मारायचा. मीही तिला बायच म्हणायला लागले. नणंद-भावजयीचं पटत नाही असं म्हणतात. आमचं पटलं, आणि फार पटलं.

लढाईच्या दिवसांत कल्याण आणि अंबरनाथच्या मधल्या माळावर मिलिटरीचा मोठा कॅम्प होता. शाळेत असताना आम्ही मैत्रिणी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्या हिरव्या, बिनदाराच्या, चपट्या नाकाच्या गाड्या जाताना बघायचो. आत बसलेले गोरे शिपाई हात हलवायचे, आणि आम्ही घाबरून गटारापलीकडे उड्या मारायचो. लढाई संपली, शिपाई गेले, जीपा मात्र तशाच ओळीने उभ्या राहिल्या. त्यांच्या चाकांमधून गवत उगवलं. मग फाळणी झाली आणि सिंधी कुटुंबं येऊन त्या बराकींत उतरली. जिथे शिपायांच्या बंदुका राहत तिथे पापड वाळू लागले. कॅम्पचं उल्हासनगर झालं, तरी आमच्याकडची माणसं कित्येक वर्षं 'कॅम्पात जाऊन येतो' असंच म्हणत.

त्या जीपा लिलावात निघाल्या. लोक त्याला डिस्पोजलचा माल म्हणत. कॅम्प नंबर एकमध्ये एक सिंधी व्यापारी होता. सिंधमध्ये त्याचं कापडाचं मोठं दुकान होतं, ते सोडून नेसत्या कपड्यांनिशी आलेला. इथे तो डिस्पोजलचा माल विकायचा. ताडपत्र्या, बूट, पाण्याच्या बाटल्या, टायर. आणि मागच्या अंगणात एक जीप. आमचे हे त्याच्याकडे सायकलवरून दूध घालायला जायचे आणि दूध घालून झालं तरी तिथून हलायचे नाहीत. जीपभोवती फिरायचे, वाकून तिच्या पोटाखाली बघायचे. शेवटी एक दिवस तो व्यापारीच म्हणाला, "साईं, ये गाडी नहीं, बकरी है. जहां पैर रखने की जगा मिली, उधर चढ जायेगी. ले जाओ, तुमको नींद तो आयेगी!"

आणि यांनी ती बकरी घरी आणली.

बाबा ओटीवर बसले होते. त्यांनी जीपकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवून बसले. "ह्या लष्करचा भूत माजे दारान नको," म्हणाले. "बैलाला निदान आपला मानूस वलखता येतो. ह्याला काय येतंय?" नंतर कितीतरी महिने ते त्या गाडीत बसले तर नाहीतच, पण ती अंगणात आली की गोठ्यात निघून जायचे. लेकीच्या घरी मोटार आली म्हणून माझ्या माहेरी पेढे वाटले, आणि इथे सासरे म्हशीच्या आड लपून बसलेले!

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मलाही ती आवडली नाही. मोटार म्हणजे मऊ गादी, काचा, पडदे अशी माझी कल्पना. हिला दारं नाहीत, छप्पर म्हणजे कॅनव्हासचा तुकडा, आणि बसायची जागा अशी की उतरल्यावर हाडं मोजून घ्यावीत. बॉनेटवर हिरव्या रंगाखालून एक पांढरा तारा अजून दिसायचा. पण एकदा यांनी मला चिखलोलीच्या बाजूने आडवाटेने नेलं. समोर ओढा आला. मी म्हटलं, आता उतरायचं आणि परत फिरायचं. यांनी गाडीचा वेग तेवढा कमी केला. गियरच्या शेजारी एक छोटा दांडा होता, तो त्यांनी पुढे ढकलला. त्याने म्हणे पुढची चाकंही ओढायला लागतात. मागची ढकलतात, पुढची ओढतात. मग ती गाडी दरड उतरली, पाण्यात शिरली, दगडांवरून डुलत डुलत पलीकडे गेली आणि समोरच्या चढावर नाक वर करून चढली. माझे पाय भिजले, बांगड्या फुटल्या आणि मी मोठमोठ्याने हसत होते. त्या दिवसापासून मला ती आवडायला लागली. नातवाच्या मोटारीत बसते तेव्हा रस्ता कळतच नाही. जीपमध्ये प्रत्येक दगडाशी ओळख व्हायची.

डोंगराखालच्या पाड्यांवरचं दूध आतापर्यंत कावडीने यायचं, येईस्तोवर निम्मं नासायचं. आता जीप थेट पाड्यावर जायची, दुधाचे कॅन भरून कॅम्पात आणायची. सिंधी लोक दुधाचे मोठे शौकीन. धंदा चांगला चालला. अडचण एकच होती, ती स्टेअरिंगची.

तेव्हा मोटारींना दिवे मिचकावायची सोय नव्हती. उजवीकडे वळायचं तर चालवणाऱ्याने उजवा हात बाहेर काढून दाखवायचा. आता हे बसणार डावीकडे. यांनी हात काढला तर तो दिसणार कुणाला? गटाराला! म्हणून उजव्या सीटवर कुणीतरी हात दाखवायला लागायचं. आधी यांनी आमच्या गड्याला बसवून पाहिलं. तो गार वाऱ्याने झोपायचा. एकदा झोपेत त्याचा हात बाहेर लोंबला आणि मागचा ट्रकवाला आम्ही वळणार म्हणून खोळंबून शिव्या देत राहिला. मग हे मला म्हणाले, "तूच ये. मॅट्रिक आहेस, उजवं-डावं तरी कळेल."

अशी मी हात दाखवणारी झाले. रोज सकाळी डोक्यावर पदर घेऊन, तो दातात धरून, उजव्या सीटवर बसायचं आणि हे म्हणाले 'उजवी' की हात काढायचा. बस्स, माझा जीपशी संबंध एवढाच. पण आपल्याकडे लोक गाडी बघतात तेव्हा स्टेअरिंग बघत नाहीत, माणूस कुठे बसलंय ते बघतात. उजवीकडे बसतो तो ड्रायव्हर, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. जीप धुरळा उडवत निघून जायची आणि मागे राहायचं एवढंच, की उजवीकडे बाई बसली होती.

एका पाड्यावर एक म्हातारी यांच्यावरच खेकसली. "बायकोला गाडी हाकायला लावतंस न् तू बाजूला बसून र्‍हातंस? लाज नाय वाटत?" हे हसून गप्प बसले. ते गप्प बसले तिथेच चुकलं. कारण पुढच्या महिन्याभरात सगळ्या पंचक्रोशीत झालं, की अमक्याची सून जीप चालवते. माझी आई अंबरनाथहून धावत आली आणि म्हणाली, "अगं, हे काय ऐकतेय मी? निदान पोटात असेल तेव्हा तरी चालवू नकोस!" मी कपाळाला हात लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

कारण चोर दुसरीच होती.

बायला लहानपणी ताप आला आणि त्यात तिचा उजवा पाय बारीक पडला. ती चालायची, पण झोकांडी खात, एक हात गुडघ्यावर ठेवून. घरातलं सगळं करायची, रांधायची, म्हशींची धार काढायची. पण नदीवर जायचं, जत्रेला जायचं, शेतावर जायचं म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. लग्नाचं वय झालेलं. स्थळं यायची. मुलगी बघायच्या कार्यक्रमात चालून दाखवायची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. सरळ 'चालून दाखव' असं म्हणायला लोकांना लाज वाटते. मग कुणीतरी म्हणायचं, "बाय, जरा ती खिडकी लाव गं." किंवा, "त्या कोनाड्यातला तांब्या दे." बाय उठायची, खिडकीपर्यंत जायची, खिडकी लावायची आणि परत यायची. तेवढ्यात पाहुण्यांचा निकाल लागायचा. पोहे मात्र सगळे संपवून जायचे. मला त्या लोकांचा इतका राग यायचा की एकदा मी आधीच सगळ्या खिडक्या लावून आणि सगळे तांबे समोर मांडून ठेवले होते.

जीप आली तेव्हा बाय पहिल्यांदा माझ्याबरोबर नदीपलीकडे गेली. परत येताना तिने यांना विचारलं, "दादा, हा खटका कसला?" डॅशबोर्डवर एक बटणासारखी मूठ होती. हे म्हणाले, "तो हाताचा ॲक्सिलरेटर. ओढला की इंजिनाचा वेग तिथेच ठरतो. पायाने दाबावं लागत नाही. लढाईच्या गाड्यांना ठेवलेला असतो."

बाय त्या मुठीकडे बघत राहिली. घर जवळ आलं तशी म्हणाली, "म्हंजे उजवा पाय लागतच नाय."

भात कापून झालं होतं. मोकळ्या शेतात यांनी तिला डाव्या सीटवर बसवलं. क्लच डाव्या पायाने, ब्रेकही डाव्याच पायाने, वेग उजव्या हाताने ओढून धरायचा. पहिल्या दिवशी तिने दोन बांध फोडले, यांनी ते रातोरात घातले म्हणून बाबांना कळलं नाही. आठवडाभरात ती बांधावरून गाडी अशी अलगद उतरवायची की मागच्या कॅनमधलं दूध हिंदकळायचं नाही. मी शेताच्या कडेला उभी राहून बघायची. ज्या मुलीला विहिरीपर्यंत जायचं तरी चारदा थांबावं लागे, ती शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत केस उडवत जात होती. मला रडू यायचं, आणि ते मी मुळीच लपवलं नाही.

मग तिची भीड चेपली. कधीकधी सकाळी तीच चालवायची आणि हे उजव्या सीटवर बसून हात दाखवायचे. गंमत बघा! गावातून जीप जायची, लोक उजवीकडे बसलेल्या यांना 'रामराम' घालायचे, आणि बाय डावीकडे खाली मान घालून गाडी चालवत असायची. भाऊ बहिणीला फिरवून आणतोय, असं सगळ्यांना वाटायचं. मी कधी स्टेअरिंगला हातही लावला नव्हता, तर सगळ्या तालुक्यात माझं नाव.

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळाची जत्रा असते. त्या वर्षी बाय जीपमधून आली. जीप बघायला घोळका जमला. त्यात एक तरुण होता. तो कारखान्यात फिटर होता. त्याने यांना विचारलं, "गियरजवळचा हा दुसरा दांडा कशाला?" हे सांगणार तेवढ्यात बायच म्हणाली, "पुढची चाकं ओढायला. पण डांबरी रस्त्यावर लावायचा नाय, गियरचे दात खराब होतात." त्याने चमकून तिच्याकडे बघितलं. मग त्याने आणखी एक प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं, आणि आणखी एक. आम्ही उभे होतो ते दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. परतताना बाय एकटीच हसत होती.

पंधरवड्यात मध्यस्थ आला. त्याच मुलाचं स्थळ. मुलाने घरी सांगितलं होतं, की मुलगी बघितलीय, पाय बघितलाय, मला चालेल. मुलगा निर्व्यसनी, अंबरनाथजवळच्या गावात घर, थोडी जमीन. वडील नव्हते; घरात चुलत्यांचा शब्द चाले, आई होती. बायला विचारलं तेव्हा ती पदराचा शेव बोटाला गुंडाळत म्हणाली, "वयनी, हे जमू दे." तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं. मी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

पण मध्यस्थ परत आला तो कुरकुरतच. मुलाच्या चुलत्यांच्या कानावर गेलं होतं, की या घरची सून जीप चालवते. अशा मोकाट घरातली मुलगी करायची का, असा प्रश्न त्यांना पडला होता. ते म्हणाले होते, येतो आणि समक्ष बघतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बायच्या तोंडाकडे बघून मी तोंडात मूग धरले आणि त्या दिवसापासून घरात बसले. हात दाखवायला पुन्हा तो झोपाळू गडी.

पाहुणे आले. चुलते पुढे, मागे मुलगा, आणि सगळ्यात मागे त्याची आई, नऊवारीचा पदर कपाळापर्यंत ओढलेली, गुडघे धरून चालणारी. ती भिंतीला टेकून बसली आणि एक शब्द बोलली नाही. पोहे झाले. कुणी बायला खिडकी लावायला सांगितली नाही, एवढं त्यांचं बरं म्हणायचं. मग चुलत्यांनी घसा खाकरला.

"तुमच्या सूनबाई जीप चालवतात असं ऐकतो."

बाबा उठले. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. पण ते चुलत्यांचा हात धरून त्यांना अंगणात घेऊन गेले, ज्या जीपकडे ते कधी बघत नव्हते तिच्यापाशी. "बघा," म्हणाले, "चाक कुठं हाय? डावीकडं. माझी सून बसते उजवीकडं. तिथं बसून ती काय हाकनार, माझं कप्पाल?"

चुलत्यांनी वाकून स्टेअरिंग बघितलं, उजवी सीट बघितली, आणि त्यांना हसू आलं. आम्ही दाराआडून बघत होतो, मलाही हसू आलं. सगळे पुन्हा आत येऊन बसले. वातावरण एकदम निवळलं. मध्यस्थाने सुपारी कातरायला घेतली. जमलंच होतं. चुलते बैठकीवर टेकून म्हणाले, "मग हरकत नाही. म्हणजे या घरातली कोणी बाई गाडी चालवीत नाही, असं आम्ही धरून चालतो."

"धरा की," बाबा म्हणाले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

मी बायकडे बघितलं. हे खाली बघत होते. बायला फक्त मान खाली घालून बसायचं होतं. एवढ्याने तिचं लग्न ठरत होतं, आणि तेही तिला आवडलेल्या मुलाशी. मी मनातल्या मनात तिला सांगत होते, गप्प बस गं बाई, गप्प बस.

"काका," बाय म्हणाली, "मी चालवते."

चुलत्यांनी हातातली सुपारी तबकात ठेवली. मुलगा आपल्या पायांकडे बघत बसला. त्या वेळी त्याच्या दोन कानशिलात द्याव्यात असं मला वाटलं. मग चुलते उठले, "येतो आम्ही" म्हणाले आणि चपला घालू लागले. मुलाची आई सगळ्यात शेवटी उठली. दारात बायपाशी थांबून तिने हलक्या आवाजात विचारलं, "तुजी गाडी बारवी नदीचे पलीकडं जाते?"

"बैल जातो तिथं जाते, मावशी," बाय म्हणाली. "बैल जात नाय तिथंपण जाते."

ती मान हलवून निघून गेली. संध्याकाळी मध्यस्थाकडून निरोप आला, सोयरीक मोडली.

त्या दिवशी बाबा बायला एक शब्दही टाकून बोलले नाहीत. धार काढून आल्यावर तिच्याजवळ बसले. "गप बसली असतीस तर जमलं असतं, पोरी."

"मग जन्मभर गप बसायला लागलं असतं, बाबा," बाय म्हणाली. आणि मग ती रडली. मी तिला इतकं रडताना कधी बघितलं नव्हतं. त्या मुलासाठी रडली, हे मला स्पष्ट कळलं. मी तिला म्हटलं, असला मुका नवरा काय करायचा? तर माझ्यावरच चिडली. "तो काकांच्या घरात वाढलाय, वयनी. तुला नाय कळायचं." खरंच मला कळत नव्हतं.

चैत्रात एका सकाळी अंगणात कुणीतरी उभं होतं. तीच, मुलाची आई. हातात एक गाठोडं, एकटीच. सोयरीक मोडलेल्या घरी अशी बाई येते का कुठे? मी तर रागाने आतच राहणार होते. पण बाबांनी तिला पाणी दिलं, ओटीवर बसवलं. ती बायकडे बघून म्हणाली, "मोडली त्याला माजा इलाज नव्हता. दिराचे घरान माजं कोन ऐकतंय? पन माजी आई आता अंथरुनावरून उठत नाय. बारवीपलीकडं, डोंगराचे कुशीत माजं म्हायेर हाय. गाडीवाट नाय. आधी चालत जायचे, आता गुडघं जात नाय. आईचं तोंड बघून कैक सालं झाली. नेशील?"

बायने बाबांकडे बघितलं. बाबांनी ओटीवरच्या गाठोड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नेऊन आन तिला." तेवढंच म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

बाय डावीकडे बसली, हे उजवीकडे, मी आणि त्या मावशी मागे. डांबरी सडक संपली, कच्ची संपली, मग बैलगाडीची चाकोरीही संपली. नदी उन्हाने रोडावली होती, पण पात्रात गोटे म्हशींएवढे. बायने समोरची काच बॉनेटवर आडवी पाडली, छोटा दांडा पुढे ढकलला, मूठ ओढली. ती गाडी एकेका गोट्यावर चाक ठेवायची, तोल बघायची, मग दुसरं चाक. मावशींनी माझा दंड घट्ट धरला होता. पाणी पायाखालून वर आलं तेव्हा त्या डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. पलीकडचा चढ असा होता की मला फक्त आकाश दिसत होतं. हे एकदा म्हणाले, "दे माझ्याकडे." बाय म्हणाली, "दादा, तू गप बस." आणि आम्ही वर आलो.

पुढे करवंदांच्या जाळ्यांतून वाट. मावशींनी आता डोळे उघडले होते. "त्या आंब्यावरून डावी. हा बघ, हा आमचा भात झोडायचा खलू," असं पुटपुटत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाड्यावरची सगळी माणसं गोळा झाली. तिथे कधी मोटार आलीच नव्हती. पोरं दूर पळाली, बायका दारांत उभ्या राहिल्या.

झोपडीच्या पडवीत म्हातारी अंथरुणावर होती. डोळ्यांनी अधू. मावशी तिच्या गळ्यात पडल्या. बराच वेळ दोघी तशाच. आम्ही बाहेर उभे. मग म्हातारीने विचारलं, "तू आलीस कशी गं? तुला चालवत नाय ना?"

"गाडीतून आले."

"कोनी आनली?"

मावशींनी वळून बायकडे बघितलं. "सुनेनी," त्या म्हणाल्या. "माजे सुनेनी आनली."

मी थक्क झाले. बाय दारात खिळून उभी. म्हातारीने हात पुढे केला. "कुठं हाय? जवल आन तिला. पयल्यांदा आलीय, रिकामी कशी पाठवू?" तिने शेजारच्या बायकांना हाका मारल्या. कुणी कुंकू आणलं, कुणी हळकुंड, कुणी तांदूळ. नारळ नव्हता, तर अंगणातल्या झाडाची कैरी काढली. साखरपुड्याला मुलाकडच्या बायका मुलीची ओटी भरतात, तेव्हा लग्न ठरलं असं आमच्याकडे समजतात; मग ते मोडायला कुणी धजत नाही. हे मला ठाऊक होतं, बायला ठाऊक होतं, आणि मावशींना तर सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

म्हातारीने ओंजळ पुढे केली. बाय झोकांडी खात तिच्यापर्यंत गेली. अख्खा पाडा बघत होता. कसाबसा गुडघा टेकून ती खाली बसली. क्षणभर थांबली. मग तिने पदर पसरला. म्हातारीच्या कापऱ्या हातांतले तांदूळ त्यात पडले, अर्धे जमिनीवर सांडले, ते बायकांनी वेचून पुन्हा तिच्या पदरात घातले.

परत येताना मावशी पुढे बसल्या, हात दाखवायच्या जागेवर, आणि हे माझ्याजवळ मागे. बायने पदरातल्या तांदळांना गाठ मारून ती कमरेला खोचली होती. नदी ओलांडताना इंजिन तापलं म्हणून तिने गाडी अलीकडच्या काठावर सावलीला उभी केली. तेव्हा तिच्याने राहवेना.

"मावशी, तुम्ही आजीला खोटं का सांगितलंत?"

"खोटं?" मावशी म्हणाल्या. "तुजे पदरान तांदूल हायत ना?"

"हायत."

"मग खोटं कुठं र्‍हायलं? माजे आयशीनं ओटी भरलीय, सगल्या पाड्यानं बघितलीय. माजे दिराला मोडायची असंल तर त्यानं तिथं जावं न् माजे आयशीला सांगावं." त्यांनी नदीपलीकडच्या डोंगराकडे बोट केलं. "पन जायचं चालत. गाडी मिलायची नाय."

त्यांचे दीर काही गेले नाहीत. वैशाखात बायचं लग्न झालं.